कवठाळीच्या मांजरांचा मान

हुलसूरच्या पलीकडं शिरगुंडी नावाच्या गावात गुंडेराव राहत होता. त्याची ज्वारी शेजाऱ्याच्या ज्वारीपेक्षा कायम वीतभर बुटकी. एकदा त्यानं बाजारात मिरच्यांचं दुकान लावून बघितलं, तर शिंकांनी इतका बेजार झाला की दुकान गिऱ्हाइकाच्या ताब्यात देऊन घरी आला. पण एक काम त्याला असं जमायचं की पंचक्रोशीत तोड नव्हती. लग्नात कुणी रुसून मांडवाबाहेर गेला, की त्याला परत आणायचं.

एका लग्नात नवरदेवाचा मामा पानात फुटका पापड पडला म्हणून उठला आणि थेट जाऊन गाडीत बसला. गुंडेराव मागोमाग गेला. "मामा, फुटका पापड मुद्दाम वाढलाय. आमच्यात अख्खा पापड परक्याला वाढतेत. घरच्या मानसाला आधी मोडून देतेत, त्याच्या हाताला तरास नको म्हणून." मामा परत आला आणि पंगतीतल्या अख्ख्या पापडवाल्यांकडं कीव आल्यासारखं बघत जेवला.

गुंडेरावाला या कामाचा मोठा अभिमान. त्याची बायको शकुबाई मात्र म्हणायची, "गावाचे रुसवे काढायलेत. मी सकाळपासून रुसून बसलेय, त्येचा पत्ता न्हाई."

ते मोगलाईचे दिवस. त्या साली दिवाळी झाली आणि उदगीरकडून बातमी आली की तिकडं घराघरात उंदीर पडायलेत. उंदीर पडायला लागले म्हणजे मागून पिलेग येणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. चार दिवसांत बिदरहून सरकारी डॉक्टर टांग्यानं आले. अंगात काळा कोट, बरोबर औषधांची पेटी, आणि बोलणं निम्मं उर्दू, निम्मं मराठी. ते चावडीत खुर्चीवर बसून पिलेगाची माहिती सांगत होते, तेवढ्यात एक उंदीर भर दुपारी आरामात चालत आला आणि त्यांच्या बुटाची नाडी कुरतडायला लागला.

डॉक्टरांनी पाय झटकला. उंदीर जरा बाजूला सरकला, वाट बघत बसला आणि पुन्हा नाडीकडं आला.

"अरे भई, गावात मांजर नाही का?" डॉक्टरांनी विचारलं.

सगळे आप्पाराव पाटलाकडं बघायला लागले आणि आप्पाराव पाटील आढ्याकडं.

त्याचं कारण असं. मागं एकदा गावदेवाच्या जत्रेला पाटलानं सगळ्या गावाला शेवयांची खीर केली होती. कढई उतरवली आणि वरच्या तुळईवरून एक मांजरी धपकन खिरीत पडली. खीर गेली, पाहुणे हसले आणि पाटलाचं डोकं फिरलं. गावातलं एकूण एक मांजर पोत्यात भरा आणि ओढ्यापलीकडं सोडून या, असा त्यानं हुकूम केला. ओढ्यापलीकडं कवठाळी. ते गाव जहागिरीतलं, शिरगुंडी सरकारी. दोन गावांत फक्त ओढ्याचं अंतर, पण पोती रिकामी झाली त्या दिवसापासून दोन्ही गावांचं बोलणं तुटलं. आमच्या गावाला काय उकिरडा समजलात का, असा कवठाळीचा सवाल होता.

हे सगळं ऐकून डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग बोटांवर मोजून समजावलं. सगळ्यांनी सुई टोचून घ्यायची. घरात मेलेला उंदीर दिसला की घर सोडून माळावर झोपडी घालायची. आणि मांजरं आणायची. मांजरानं पिलेग जात नाही, पण घरात उंदीर कमी तर पिसवा कमी, आणि पिसवा कमी तर धोका कमी.

"आणि पलीकडच्या गावानंही सुई घेतली पाहिजे," ते म्हणाले. "उंदराला जहागीर कळत नाही. आज इकडं, उद्या तिकडं. पण माझा हुकूम ओढ्यापर्यंत. त्यांनी बोलावल्याशिवाय मी पलीकडं पाऊल टाकू शकत नाही. कुणीतरी जाऊन बोला बाबा त्यांच्याशी."

चावडीतल्या सगळ्या माना आता गुंडेरावाकडं वळल्या. गुंडेरावानं मिशीवरून हात फिरवला. लग्नाशिवाय कुणी आपल्याला बोलावेल, हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

पाटलानं त्याला बाजूला घेतलं. "मांजरं मागून आण. पर मागितल्यावानी करू नगंस."

"मग कसं करू, पाटील?"

"ते मला ठाव असतं तर मीच गेलो नसतो का?"

गुंडेरावानं लग्नातला पटका बांधला, लग्नातलाच अंगरखा घातला आणि ओढा ओलांडला. कवठाळीत पाऊल टाकलं आणि तो बघतच राहिला. भिंतीवर मांजरं, ओट्यावर मांजरं, पाळण्यात पोराच्या उशाशी मांजर. उंदीर औषधालाही नाही. बायका ज्वारीच्या राशीशेजारी बिनघोर झोपा काढत होत्या.

कवठाळीचा पाटील धोंडप्पा आडव्या अंगाचा माणूस. तो ओट्यावर बसला होता, मांडीवर एक पांढरी, खांद्यावर एक करडी, आणि डोक्यावरच्या रुमालाचा शेव एक पिल्लू ओढत होतं.

"अण्णा, मांजरांबद्दल बोलायला आलोय," गुंडेराव म्हणाला.

"मांजरं?" धोंडप्पानं पांढरीच्या गळ्याखाली खाजवलं. "कसली मांजरं?"

गुंडेराव क्षणभर गडबडला, पण रुसलेल्या माणसाची पहिली तऱ्हा त्याला नवी नव्हती. तो खाली बसला, तांब्याभर पाणी प्याला, कवठाळीच्या पाण्याची गोडी वाखाणली, मग हळूच पिलेगाचं, उंदरांचं आणि सुईचं सगळं सांगितलं. पोटात काही ठेवलं नाही. धोंडप्पानंही ते नीट ऐकून घेतलं, कारण पिलेगाला तोही भीत होता.

"डाक्टरला बोलवू," तो शेवटी म्हणाला. "मांजरं बी देऊ. लेकरांच्या जिवाफुडं रुसवा काय करायचाय? पर एक सांगतो, गुंडेराव. त्यास्नी पोत्यात घालून फेकलं होतं. आमी माफ केलंय. मांजरांनी केलंय का न्हाई, ते आमाला कसं कळावं? तुमच्या पाटलानं त्येंच्यासमोर वाकावं. आमच्यासमोर न्हाई. त्येंच्यासमोर."

"मांजरासमोर?"

"व्हय. अन् ती खिरीत पडलेली म्हातारी अजून जिती हाय. भागी नाव ठेवलंय. तिच्यासमोर."

गुंडेराव परत आला आणि पाटलाच्या कानावर हे घातलं. आप्पाराव पाटील असा ताडकन उठला की बाजेची दोरी तुटली. "मी? मांजराफुडं? अरे, या पटक्यानं तालुकदाराफुडं सुदीक अर्धाच वाकतो मी!"

"मग मांजरांफुडं बी अर्धंच वाका."

"पाव बी वाकनार न्हाई!"

मग गुंडेरावाच्या ओढ्यातून येरझाऱ्या सुरू झाल्या. पाटलाच्या वतीनं कोतवाल वाकला तर चालेल का? कवठाळी म्हणाली, फेकलं पाटलानं, मग कोतवालानं कामून वाकावं? पाटील आपल्याच घरात, दार लावून वाकला तर? कवठाळी म्हणाली, मांजरांना दिसायचं कसं? भागीऐवजी एखाद्या लहान पिल्लासमोर वाकला तर? त्यावर धोंडप्पाला खरोखरच राग आला. पिल्लं पोत्यानंतर जन्मलेली, त्यांचा काय संबंध?

गुंडेरावाच्या वहाणेचा अंगठा तुटला, आवाज बसला. मामा, व्याही, करवल्या, सगळ्यांना त्यानं मनवलं होतं. पण त्यांच्यातल्या कुणालाच शेपूट नव्हतं. तिकडं शिरगुंडीत उंदरांनी पाटलीणबाईच्या लुगड्याची घडी पोखरली. शकुबाईनं नवऱ्यापुढं भाकरी ठेवली. भाकरीच्या कडेला उंदराच्या दातांची नक्षी होती.

"घाई करा," ती म्हणाली. "न्हाईतर फुडल्या वेळेला उंदरालाच वाढते अन् तुमाला त्येचं उष्टं देते."

गुंडेराव तसाच उठून पाटलाच्या गोठ्याकडं गेला. पाटील बैलाला पाणी पाजत होता. घमेलं त्यानं दोन्ही हातांनी धरलं होतं आणि कमरेत पुरा वाकला होता.

"पाटील," गुंडेराव हळूच म्हणाला, "बैलाफुडं वाकलाव?"

"येडा झालास का? पानी पाजायलोय."

"पर वाकलाव तर खरं."

"अरे, वाकल्याबिगर पानी कसं पाजावं?"

गुंडेराव तिथंच बैलाच्या पाठीवर थाप मारून हसला. मग त्यानं पाटलाला सांगितलं: ओढ्याच्या पात्रात दोन्ही गावं जमतील. पाटलानं भागीसमोर दुधाची वाटी ठेवायची. शिरगुंडीनं म्हणायचं, पाटलानं दूध पाजलं. कवठाळीनं म्हणायचं, पाटील वाकला. कुणी कुणाला खोटं पाडायचं नाही. आप्पाराव पाटलानं बैलाकडं बघितलं आणि मान डोलावली. धोंडप्पालाही हे पटलं. त्याची एकच अट, वाटी पितळेची असावी.

ओढा त्या दिवसांत कोरडा असतो. सकाळी ऊन तापायच्या आत शिरगुंडी अलीकडच्या काठावर जमली, कवठाळी पलीकडच्या. कवठाळीची अक्कम्मा डोक्यावर डालगं घेऊन उतरली. मांजरांना वाढवलं होतं तिनं, आणि मोठ्या मोठ्या माणसांशीसुद्धा ती आपल्या बोक्याशी बोलते तशीच बोलायची. तिनं डालगं उघडलं आणि भागीला एका सपाट दगडावर बसवलं. भागी म्हातारी, अंगानं जाडजूड, एक कान फाटलेला. तिनं दोन्ही गावांकडं बघितलं आणि डोळे मिटले.

आप्पाराव पाटील वाटी घेऊन पुढं झाला. ताठ मानेनं चालत गेला आणि वाकला. पण खाली सगळे गोटे. वाटी ठेवावी तिथं कलायला लागली. दूध सांडलं तर सगळंच मोडलं, म्हणून त्यानं वाटी हातात धरूनच ठेवली.

भागीनं वास घेतला. मग मागचा पाय वर करून ती तो चाटायला लागली.

"पी की बाई," पाटील दातओठ खात पुटपुटला.

भागीनं दुसरा पाय घेतला. मग पोट. मग शेपूट, मुळापासून टोकापर्यंत. असा रुसवा गुंडेरावानं आजवर बघितला नव्हता. विहिणी तरी काहीतरी बोलतात!

शेवटी भागी पुढं आली आणि वाटीत तोंड घातलं. तिचं पिणंही म्हातारीचं, दोन घोट, विसावा, दोन घोट. वाटी रिकामी झाली तेव्हा अक्कम्मानं तिला उचललं. पण पाटील काही उठेना.

"पाटील, झालं. उठा," गुंडेराव म्हणाला.

"उठता येईना," पाटील खालूनच म्हणाला. "कंबर धरली."

हे वाक्य पलीकडच्या काठावर पोचलं नाही. कवठाळीला एवढंच दिसत होतं की मांजर निघून गेलं तरी आप्पाराव पाटील वाकलेलाच आहे. धोंडप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा रे," तो आपल्या माणसांना म्हणाला, "येवढा येळ मानूस देवाफुडं बी वाकत न्हाई. पुरे, पाटील! पुरे झालं!" आणि तो आडव्या अंगानं गोट्यांवरून धावत आला, पाटलाला काखेत हात घालून उभं करायला गेला. पाटील कळवळून ओरडला. धोंडप्पाला वाटलं, पश्चात्तापानं रडतोय. त्यानं आणखी जोरात मिठी मारली, कटकन आवाज झाला आणि पाटलाची कंबर सुटली. पाटील सरळ उभा राहिला. इतका आराम वाटला की त्यानंही धोंडप्पाला मिठी मारली.

गुंडेरावानं दोन्ही हात जोडले आणि कुणालाच काही समजावून सांगितलं नाही.

मांजरं शिरगुंडीला निघाली. कवठाळीच्या नाक्यावर काशप्पा नावाचा जहागिरीचा नाकेदार बसायचा. त्यानं डालगी अडवली. "जनावर हाय का माल? जनावराला वेगळी पावती, मालाला वेगळी."

"पाव्हणे हायेत," अक्कम्मा म्हणाली. "पाव्हण्याची पावती फाडतोस व्हय रे?"

काशप्पानं डालग्यात डोकावलं. आतून एका बोक्यानं त्याचं नाक ओरबाडलं. त्यानं नाक धरून वाट सोडली.

शिरगुंडीनं मांजरांना हळद-कुंकू लावून घरात घेतलं. पहिला दिवस झकास गेला. पण दुसऱ्या दिवशी सगळी मांजरं ओढा ओलांडून कवठाळीला परत गेली. मांजराला माणसाचा नाही, घराचा लळा असतो, हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. अक्कम्मा पुन्हा डालगी घेऊन आली. मांजरं पुन्हा गेली. तेव्हा अक्कम्मानं शिरगुंडीतच मुक्काम टाकला, शकुबाईच्या घरी. मांजरांना दूध-भाकरी कुठं ठेवायची, रात्री दार कसं लावायचं, हे ती बायकांना शिकवायला लागली. कवठाळीच्या बायका अक्कम्माला भेटायला यायला लागल्या. शिरगुंडीच्या बायका पळालेली मांजरं शोधायला तिकडं जायला लागल्या. एकीनं पळालेला बोका आणायला जाऊन दुपारचं जेवण उरकलं आणि येताना बोका विसरली. ओढ्यात पाऊलवाट पडली.

हळूहळू मांजरं रुळली. उंदीर आता चावडीत येईनासे झाले.

ठरल्याप्रमाणे कवठाळीनं डॉक्टरांना बोलावणं धाडलं. दोन्ही गावांची टोचणी एकाच दिवशी, कवठाळीच्या पिंपळाखाली ठेवली. डॉक्टरांनी सुया उकळत ठेवल्या आणि म्हणाले, "चला, पहिलं कोण?"

आतापर्यंत प्रत्येक गोष्टीत पहिला मान मागणारे दोन्ही पाटील एकदम नम्र झाले.

"पैला मान पाव्हण्यांचा," धोंडप्पा म्हणाला. "आप्पाराव, या."

"छे छे," आप्पाराव म्हणाला. "गाव तुमचं, पिंपळ तुमचा. यजमानाच्या आधी मी कसा टोचून घेऊ?"

"तुमी वयानं मोठे."

"तुमी अंगानं मोठे."

दोघांनी गुंडेरावाकडं बघितलं, यातून वाट काढ म्हणून. गुंडेराव दोघांच्या मधे उभा राहिला आणि त्यानं मानपानाचा सगळा हिशेब मांडायला सुरुवात केली. सीमेपलीकडून आलेल्याचा मान, वयाचा मान, मांजर देणाऱ्याचा मान, मांजर घेणाऱ्याचा मान. खरं सांगायचं तर सुईची उकळती डबी त्यानंही बघितली होती, आणि बोलणं जितकं लांबेल तितकं बरं, असं त्याला वाटत होतं. त्या दिवशी तो आयुष्यात बोलला नव्हता इतकं सुंदर बोलला. पुरुषमंडळी सभोवती जमून माना डोलवत राहिली.

बोलणं संपत आलं तेव्हा मागून शकुबाईचा आवाज आला. "झालं का तुमचं? आमचं झालं."

सगळ्यांनी वळून बघितलं. दोन्ही गावांच्या बायका दंड चोळत उभ्या होत्या, कडेवरची पोरं रडून दमली होती. अक्कम्मानं सगळ्यांत आधी हात पुढं केला होता आणि डॉक्टरांना "भिऊ नगंस, टोच" असं सांगितलं होतं.

"आता कोण उरलं?" डॉक्टर म्हणाले. "फक्त बहादूर लोक."

शकुबाईनं नवऱ्याची बाही वर केली आणि त्याला पाठीत ढकललं. गुंडेरावानं डोळे मिटून टोचून घेतलं, आणि डोळे उघडले तेव्हा तो बाजेवर आडवा होता. दोन्ही पाटील मग एकमेकांचा हात धरून बसले आणि एकदमच टोचून घेतलं. गुंडेरावाला त्या रात्री ताप भरला. तापात तो भेटायला येणाऱ्याला सांगत होता की, मी दोन्ही गावांच्या वतीनं ताप घेतलाय.

पूस महिन्यात शिरगुंडीच्या एका घरात मेलेला उंदीर सापडला. तरी मांजरं होती म्हणून एकच. पण कुणी वाद घातला नाही. उंदराला जहागीर कळत नाही, म्हणून दोन्ही गावं भांडीकुंडी, शेळ्या आणि मांजरं घेऊन वरच्या माळावर गेली आणि शेजारी शेजारी झोपड्या घातल्या. आजूबाजूच्या गावांतून रोज वाईट बातम्या येत होत्या. माळावर दोघातिघांना ताप आला, डॉक्टर दोनदा येऊन बघून गेले, ताप उतरला. गाठ कुणाला आली नाही. बायका एकाच चुलीवर आळीपाळीनं भाकरी थापत, आणि संध्याकाळी कुणीतरी कानडीत गाणं म्हणे, दुसरं कुणी मराठीत पुढची ओळ जोडून देई.

तिथंच एका सकाळी आप्पाराव पाटलाच्या झोपडीत, त्याच्या नव्या पटक्यात, एका मांजरीनं पाच पिल्लं घातली. मांजरी मूळची शिरगुंडीची, वाढलेली कवठाळीत. बोका कवठाळीचा. पिल्लं कुणाची, असा प्रश्न उभा राहिला. बातमी गुंडेरावाच्या कानावर आली तसा तो उठून बसला. असा गुंता त्याच्याशिवाय कुणाच्या बापालाही सुटायचा नव्हता. त्यानं तोंड धुतलं, पटका बांधला, वाटेत दोन्ही बाजूंनी काय बोलायचं ते जुळवलं आणि पाटलाच्या झोपडीशी पोचला.

दारात आप्पाराव आणि धोंडप्पा मांडीला मांडी लावून बसले होते. मधे पटका, पटक्यात पिल्लं.

"ही ठिपक्यांची तुमी घ्या," आप्पाराव म्हणत होता.

"घेतो. ती काळी तुमची. अन् ही बारकी?"

"ही अक्कम्माला देऊ."

"बरं सुचलं."

गुंडेराव दारात उभा राहून खाकरला. दोघांनी वर बघितलं. "ये, गुंडेराव, बस," आप्पाराव म्हणाला आणि पुन्हा पिल्लांकडं वळला. कुणी त्याला काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

आधी गुंडेरावाला वाईट वाटलं. लग्नात बोलावणं यावं, आणि गेल्यावर कळावं की रुसलेला माणूस आपण येण्याआधीच पंगतीत बसून जेवतोय, तसं. मग धोंडप्पानं एक पिल्लू उचलून आप्पारावाच्या मिशीला लावलं आणि आप्पाराव मोठ्यानं शिंकला, तेव्हा गुंडेरावाला हसू आलं.

तिकडून शकुबाईनं हाक मारली, "अहो, उभे काय राहायलाव? पानी आणायचंय!"

गुंडेरावानं पटका सोडून खांद्यावर टाकला, दोन घागरी उचलल्या आणि विहिरीच्या वाटेला लागला. वाटेत कवठाळीची दोघं दावणीच्या खुंट्यावरून भांडत होती. तो पाय न थांबवता त्यांच्याजवळून गेला. दहा पावलं गेल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. त्यानं घागरी खाली ठेवल्या आणि मागं फिरला.